खेळ रचणाऱ्याचा जमाखर्च

‘स्वतंत्र’ या विशेषणाचें आपल्या समाजांत मोठें कौतुक आहे. स्वतंत्र बाण्याचा संपादक, स्वतंत्र वृत्तीचा कलावंत, स्वतंत्र धंदा करणारा गृहस्थ असे शब्द उच्चारतांना आपला आवाज नकळत थोडा आदराचा होतो. सारें आयुष्य नोकरींत घालविलेल्या माझ्यासारख्या प्राध्यापकाला तर या शब्दाचें आकर्षण विशेषच. जें आपल्या वांट्याला आलें नाहीं त्याचें तेज दुरून अधिक भासतें. परंतु हा शब्द जितका तेजस्वी तितकाच लबाडहि आहे. कुणापासून स्वतंत्र, हें तो मोठ्यानें सांगतो. कुणाच्या जिवावर स्वतंत्र, हें मात्र सांगत नाहीं. या लबाडीचा परिचय मला गेल्या कांहीं वर्षांत एका अगदीं नव्या धंद्याच्या निमित्तानें घडला. संगणकावर खेळावयाचे खेळ एकट्यानें, किंवा दोघातिघांच्या मेळ्यानें, कोणत्याहि मोठ्या कंपनीच्या आश्रयावांचून तयार करावयाचे आणि ते जगभर विकून पोट भरावयाचें, असा हा धंदा आहे. तो करणाऱ्यांना त्या जगांत ‘इंडी डेव्हलपर’ म्हणतात. नाटककार आणि कादंबरीकार यांच्या पंक्तीला बसेल असा ‘खेळकार’ हा शब्द मीं माझ्यापुरता योजिला आहे.

माझा भाचा हा असाच एक खेळकार आहे. अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यानें एका सॉफ्टवेअर कंपनींत चार वर्षें बरी नोकरी केली, आणि २०२३ सालच्या आरंभीं ती सोडून तो घरीं बसला. ‘घरीं बसला’ हा शब्दप्रयोग शेजाऱ्यांचा. वस्तुतः नोकरींत तो जितकें काम करीत होता त्याच्या दीडपट तो आतां करूं लागला. त्याच्या खेळाचा विषय ऐकून मला गंमत वाटली. कोंकणांतल्या एका खाडीवर तर चालविणारा म्हातारा, त्याच्या तरींत रोज बसणारीं माणसें, त्यांचीं गाऱ्हाणीं, आणि खाडीवर लवकरच पूल होणार असल्याची वार्ता, असा तो विषय होता. खेळणाऱ्यानें भरती-ओहोटी पाहून तर लोटावयाची, कुणाला आतां घ्यावयाचें आणि कुणाला पुढच्या खेपेला ठेवावयाचें तें ठरवावयाचें, आणि बोलतां बोलतां गांवाची कथा उलगडत जावयाची.

एका चांगल्या लघुकथेचें बीज मला त्यांत दिसलें. पण लघुकथा लिहिणाऱ्याला कागद आणि लेखणी पुरते. येथें भरतीच्या पाण्याचें गणित बसवावें लागतें, वल्ह्याचा आवाज मिळवावा लागतो, प्रत्येक उतारूचा चेहरा रेखाटावा लागतो. आणि खेळणारा मनुष्य भलत्याच क्रमानें भलत्याच माणसाशीं बोलला तरी कथा मोडूं नये अशी व्यवस्था करावी लागते. कादंबरीकार, चित्रकार, वादक, गणिती आणि पडद्यामागचा व्यवस्थापक हीं पांच माणसें एकाच खुर्चींत बसवावीं, तसें तें काम होतें. त्यांतहि शेवटचा दहावा हिस्सा सर्वांत जिवावरचा. एकदां सबंध तीन आठवडे तो एकाच गोष्टीच्या मागें होता: पाऊस चालू असतांना खेळ बंद करून पुन्हां उघडला, कीं तरींतला एक उतारू नाहींसा होई. ज्या चुकीचें कारण सांपडत नाहीं अशी चूक शोधीत बसलेल्या माणसाचा चेहरा मीं परीक्षेच्या दालनांत पुष्कळदां पाहिला आहे. पण तेथें निदान तीन तासांनीं घंटा होते.

दोन वर्षांनीं खेळ पुरा झाला, आणि मग असें दिसून आलें कीं पुरें झालें होतें तें निम्मेंच काम. खेळ विकणें हा दुसराच धंदा आहे, आणि तोहि खेळकारानेंच करावयाचा असतो. ज्यानें नाटक लिहिलें त्यानेंच चव्हाट्यावर उभें राहून हस्तपत्रकें वांटावीं, असा हा प्रकार. प्रसिद्धीच्या आधीं सहा महिने भाचा चित्रफिती करीत होता, देशोदेशींच्या परीक्षकांना पत्रें लिहीत होता, आणि शंभर पत्रांना चार उत्तरें आलीं तरी समाधान मानीत होता. आप्तेष्टांचा उत्साह अमाप होता. फक्त ‘आम्हांला तो फुकट मिळेल ना?’ हा प्रश्न त्या उत्साहाच्या शेवटीं हमखास येई. स्वखर्चानें कवितासंग्रह काढणाऱ्या माझ्या मित्रांना हा प्रश्न चांगला परिचित आहे.

पहिल्या महिन्यांत खेळाच्या ३१२ प्रती खपल्या. किंमत २९९ रुपये. सरकारी कर, दुकानाचा शेंकडा ३० हिस्सा, आरंभींची सूट आणि परत आलेल्या प्रती हें सारें वजा जातां हातीं सुमारें ५०,००० रुपये उरले. दोन वर्षांच्या श्रमांवर ही रक्कम पसरली तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास पडते. आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाई एका घराचे याहून अधिक घेतात, आणि तें रास्तच आहे. पुढच्या महिन्यांत प्रती खपल्या त्या चाळीस. ज्यांनीं खेळ खेळला त्यांना तो आवडला होता; पोलंडमधल्या एका अनोळखी मनुष्यानें लिहिलें कीं त्याचे आजोबाहि नदीवर होडी चालवीत, आणि शेवटच्या खेपेला त्याला त्यांची आठवण झाली. भाच्यानें तें पत्र मला तीनदां वाचून दाखविलें. तिसऱ्यांदां वाचतांना त्याचा आवाज थोडा कांपला, आणि मग तो म्हणाला, “मामा, अशीं पांच हजार माणसें जगांत नक्की आहेत. तीं मला सांपडत नाहींत, एवढेंच.”

हें ‘सांपडत नाहींत’ नीट समजून घेण्यासारखें आहे. संगणकी खेळांच्या दुकानांत सर्वांत मोठें दुकान म्हणजे ‘स्टीम’. कोणता खेळ तेथें ठेवावयाचा हें एके काळीं मालकांच्या मर्जीवर होतें. २०१२ पासून कांहीं वर्षें ग्राहकांचीं मतें घेऊन खेळ निवडले जात. २०१७ पासून मात्र १०० डॉलर भरले आणि जुजबी तपासणी पार पडली कीं दार सर्वांना उघडें आहे. दार उघडें असणें ही चांगलीच गोष्ट. तें बंद असतें तर पुण्यांतल्या दोन खोल्यांच्या घरांतला खेळ पोलंडपर्यंत पोंचताच ना. पण उघड्या दारांतून एकटा आपणच आंत जात नाहीं. २०२४ या एका वर्षांत त्या दुकानांत १८,००० हून अधिक नवे खेळ दाखल झाले. म्हणजे दिवसाला सुमारें पन्नास. ज्या गांवांत रोज पन्नास नवीं पुस्तकें छापून येतात तेथें वाचनालयाचा ग्रंथपाल तरी किती मुखपृष्ठें उलटून पाहील? शिवाय दुकानाचे नियम सर्व मालाला सारखे. २०१५ पासून तेथें असा नियम आहे कीं दोन तासांहून कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांच्या आंत परत करून पैसे मागतां येतात. ग्राहकाच्या दृष्टीनें नियम न्याय्यच आहे. पण ज्याची कथा दीड तासांत पुरी होते, अशा छोट्या खेळाचा शेवट पाहूनहि तो परत देतां येतो.

अशा बाजारांतल्या अपयशाला आपण उगाच निकालाचा मान देतों. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यामुळें मला एक भेद स्पष्ट दिसतो: नापास होणें निराळें, आणि उत्तरपत्रिका कुणीं उघडलीच नाहीं हें निराळें. खेळकाराच्या वांट्याला बहुधा दुसरी गोष्ट येते, आणि तो तिला पहिली समजून झुरत बसतो. बाजाराचें मौन हें मत नव्हे.

बरें, उत्तरपत्रिका उघडली गेली आणि गुणहि उत्तम मिळाले, तरी गुणपत्रिका आपल्याच हातीं राहील असें नाहीं. २०१४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतल्या आशर व्होल्मर व ग्रेग वोल्वेंड या दोघांचा ‘थ्रीज’ हा अंक जुळविण्याचा छोटा खेळ निघाला. वरून अगदीं साधा. पण हें साधेपण मिळवावयाला त्यांना चौदा महिने लागले होते. परीक्षकांनीं तो उचलून धरला. तोंच त्याच्या नकला निघूं लागल्या, आणि मार्च महिन्यांत इटलींतल्या एका १९ वर्षांच्या तरुणानें त्या नकलांच्या आधारें शनिवार-रविवारांत ‘२०४८’ नांवाचा खेळ करून तो इंटरनेटवर फुकट ठेवला. जगानें खेळला तो ‘२०४८’. पुष्कळांना तर ‘थ्रीज’ हीच नक्कल वाटली! त्या दोघांनीं मग आपला चौदा महिन्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. कोणकोणत्या कल्पना घेतल्या आणि टाकल्या तें त्यांत दिसतें. मला तो पत्रव्यवहार फार करुण वाटतो. साध्या वस्तूच्या मागचे श्रम दिसूं नयेत म्हणून ज्यांनीं श्रम घेतले, त्यांनाच शेवटीं ते श्रम उघडे करून दाखवावे लागले.

या धंद्यांतल्या तरुणांना असली उदाहरणें सांगितलीं कीं ते एक नांव पुढें करतात: एरिक बॅरोन. २०११ सालीं पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या तरुणाला मनासारखी नोकरी मिळेना. त्यानें शेतीवाडीवरचा एक खेळ करावयाला घेतला. चित्रें, संगीत, संवाद, आज्ञावली सर्व त्याचें एकट्याचें. साडेचार वर्षांनीं, २०१६ च्या फेब्रुवारींत, ‘स्टारड्यू व्हॅली’ प्रसिद्ध झाला, आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. ही कथा खरी आहे, आणि खेळहि गुणी आहे. पण ती सांगतांना एक ओळ बहुधा गळते. तीं साडेचार वर्षें बॅरोन सिॲटल शहरांतल्या एका नाट्यगृहांत लोकांना जागा दाखविण्याचें काम करून थोडे पैसे मिळवी. घराचा मुख्य भार मात्र त्याच्या सहचरीच्या कमाईवर होता. म्हणजे ‘एकट्यानें केलेला’ म्हणून जगभर गाजलेल्या या खेळाला पहिल्या दिवसापासून एक भांडवलदार होता. फक्त त्याच्या भांडवलाची नोंद कोणत्याहि दप्तरांत नव्हती.

हें आपल्याला अगदींच अपरिचित नाहीं. दादासाहेब फाळक्यांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं पडद्यावर आला. त्याच्यासाठीं फाळक्यांनीं विम्याची पॉलिसी गहाण टाकली, आणि सरस्वतीबाईंनीं आपले दागिने दिले. पण दागिने दिले एवढ्यावर तें संपत नाहीं. काम करणाऱ्या सबंध मंडळीचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे होता, आणि फिल्मला भोकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामेंहि त्यांनीं शिकून घेतलीं. आपण चित्रपटाचे जनक म्हणतों तें एकाच नांवाला. त्या नांवाचा मोठेपणा निर्विवाद आहे. पण स्वतंत्र कलावंताच्या चरित्रांत स्वयंपाकघराचें प्रकरण कां नसतें, असें मला नेहमीं वाटतें.

माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरांत एक वही आहे. दूध, वर्तमानपत्र, वाणी, वीज असे तिचे रकाने. मेहुणे वारल्यापासून ती निवृत्तिवेतनांत घर चालविते. मुलाची नोकरी सुटल्यापासून तिनें त्या वहींत एक नवा रकाना पाडला होता. त्याच्या डोक्यावर ‘तर’ असें लिहिलें होतें. मुलासाठीं घेतलेला नवा संगणक, वाढलेलें विजेचें बिल, परदेशांतून घेतलेले आवाज, सर्व त्या रकान्यांत. ती तक्रार म्हणून लिहीत नव्हती. तिला हिशेब लिहिण्याची संवय आहे, एवढेंच. मीं ती वही सहज चाळली. पहिल्या खेळाचें जें उत्पन्न म्हणून मीं वर सांगितलें त्याच्या पांचपट रकमेची ती बेरीज होती. आणि तींत तिनें रांधलेल्या अन्नाचा एक पैसाहि धरलेला नव्हता.

या वहीची गोष्ट निघाली ती एका रविवारीं. भाच्याच्या मनांत दुसरा, पहिल्याहून मोठा खेळ होता. आणि त्याच्यासाठीं आपली मुदतठेव मोडावयाची असें बहिणीनें ठरविलें होतें. घरांतला वडील माणूस म्हणून मला बोलावलें होतें. मीं दोन प्रश्न विचारले: या खेळाला महिने किती, आणि ते महिने कुणाचे? भाचा हंसून म्हणाला, “मामा, तुम्ही तर लग्नाची यादी करावयाला बसलांत.” बहीण मात्र हंसली नाहीं. ती म्हणाली, “दादा, त्याचा खेळ चांगला आहे कीं नाहीं तेवढें सांग. बाकीचें मी बघतें.”

आईचा हा प्रश्न मोठा अवघड असतो. मीं सांगितलें, “चांगला आहे; म्हणून तर हिशेब हवा. वाईट असता तर बंद कर म्हणून मोकळा झालों असतों.” वाईट कारागिराला बाजार लवकर घरीं पाठवितो. खरा धोका असतो तो चांगल्याला, कारण त्याचें थांबणें कुणालाच सुचवितां येत नाहीं. आणि त्याच्या चांगुलपणाच्या भरवशावर घरचें माणूस शेवटची मुदतठेव मोडतें.

मग मीं त्याला सिॲटलचेंच दुसरें उदाहरण सांगितलें. जेफ व्होगेल नांवाच्या गृहस्थानें तेथें १९९४ सालीं ‘स्पायडरवेब सॉफ्टवेअर’ हा घरगुती धंदा काढला. त्याचे खेळ दिसावयाला साधे, चित्रें जुजबी, लिखाण मात्र भरपूर. चार कोटी प्रतींची वार्ता त्याच्याविषयीं कुणीं ऐकली नाहीं. पण त्याच पद्धतीचे खेळ आवडणारा एक छोटा, निष्ठावंत वर्ग त्यानें वर्षानुवर्षें सांभाळला. एका खेळाची सामग्री दुसऱ्याला वापरली. आपला पहिला खेळ पुढें दोनदां नव्यानें घडवून पुन्हां विकला. आणि या धंद्यावर संसार केला. २०१८ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळकारांच्या परिषदेंत त्यानें व्याख्यान दिलें, त्याचा मथळा मराठींत ‘अपयशी होण्यांत आलेलें अपयश’ असा सांगतां येईल. मला या मथळ्यांत पुष्कळ शहाणपण दिसतें. यश हें हातांतलें नसतें. पण एका खेळाचें अपयश आपल्याला उठतां न येईल इतकें मोठें होऊं न देणें, हें पुष्कळसें हातांतलें असतें.

भाच्याला हें सारें पटलें असें नाहीं. “मामा, व्होगेलनें दुकान घातलें तेव्हां गल्ली रिकामी होती,” असें तो म्हणाला. आणि या आक्षेपांत तथ्य आहे. त्याचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता. लहान खेळ, लहान खर्च, अर्धी नोकरी, असें करीत गेलें तर मनांतला मोठा खेळ कधींच होणार नाहीं. आणि तो होणार नसेल तर हा खटाटोप कशाला? याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि अजूनहि नाहीं. पुण्यांतल्याच एका छोट्या मंडळीनें ‘राजी’ या पौराणिक वळणाच्या खेळासाठीं २०१७ सालीं इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली. ठरलेली रक्कम जमली नाहीं. तरीहि ते थांबले नाहींत. २०२० सालीं खेळ प्रसिद्ध झाला, आणि त्या वर्षीं पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या आंतरराष्ट्रीय नामांकनांत त्याचें नांव आलें. त्या वेळीं माझ्यासारख्या एखाद्या मामानें त्यांच्यापुढें वही ठेवली असती, तर हा खेळ कदाचित् झालाहि नसता. हिशेब माणसाला बुडण्यापासून वांचवितो, हें खरें. पण पलीकडच्या तीरावर कुणी केवळ हिशेबानें गेलेलें नाहीं.

तरीसुद्धां त्या रविवारीं एक गोष्ट ठरली, आणि ती ठरविली भाच्यानेंच. मुदतठेव मोडावयाची नाहीं. आठवड्याचे तीन दिवस तो आतां बाहेरचें काम करतो, आणि उरलेले दिवस खेळाचे. नवा खेळ लहान आहे. दहा महिन्यांची मुदत त्यानें स्वतःच घातली आहे. तो चालेल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. ती वही आतां त्याच्या टेबलावर असते. तिच्यांत त्यानें आणखी एक रकाना वाढविला आहे: घरांतलें जेवण, खोलीचें भाडें आणि आईचा वेळ यांची रोजची किंमत तो त्यांत मांडतो. बहिणीला प्रथम याचा राग आला. “आईच्या हातच्या जेवणाचें बिल करतोस?” असें तिनें विचारलें. तो म्हणाला, “बिल नाहीं आई, भांडवल. तुझ्या नांवावर लिहितों आहें.”

जुन्या मराठी ग्रंथांच्या आरंभीं ‘ऋणनिर्देश’ म्हणून एक पान असे. छापखान्याचे मालक, मुद्रितें तपासणारे मित्र, हस्तलिखित वाचून उत्तेजन देणारे गुरुजन, सर्वांचे आभार मानून झाल्यावर कधीं कधीं शेवटीं घरच्या माणसांचा ओझरता उल्लेख येई, कधीं येतहि नसे. संगणकी खेळांच्या शेवटीं, नाटकाच्या हस्तपत्रकासारखी, नांवांची एक यादी पडद्यावरून सरकते. भाच्याच्या पहिल्या खेळाच्या शेवटीं तींत सर्व कामांपुढें त्याचें एकट्याचेंच नांव होतें, आणि त्याचा त्याला अभिमान होता. दुसऱ्या खेळाची यादी त्यानें परवां मला दाखविली. अजून खेळ अर्धाहि झालेला नाहीं, पण यादी तयार आहे. तिच्या पहिल्या ओळींत ‘भांडवल’ असा शब्द आहे, आणि त्याच्यापुढें माझ्या बहिणीचें संपूर्ण नांव.